फर्स्ट एमबीची उजळणी : वाचून की बोलून?

कोल्हापुरात डॉक्टरकीच्या सरकारी शिक्षणाचे दोन पत्ते आहेत. पहिला शेंडा पार्क. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या मुलामुलींचं पहिलं वर्ष, म्हणजे फर्स्ट एमबी, मुख्यतः तिथं जातं : हाडं, फॉर्मॅलिनचा वास, मायक्रोस्कोपखालच्या स्लाइड्स, बायोकेमिस्ट्रीच्या परीक्षानळ्या. दुसरा पत्ता भाऊसिंगजी रोडचा. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं सीपीआर. पेशंट तिथं असतात. दोन्ही जागा एकाच कॉलेजच्या, पण शहराच्या वेगवेगळ्या भागांत. एका जागी पाठ केलेलं दुसऱ्या जागी पोचेपर्यंत किती शिल्लक राहतं, हा वैद्यकीय शिक्षणातला जुना प्रश्न आहे. परीक्षेच्या उजळणीचा विचार त्याला बाजूला ठेवून करता येत नाही.

ही फारकत एकट्या कोल्हापूरची नाही. अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या एका शाळामास्तरानं १९१० साली अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांचा अहवाल लिहिला. तो स्वतः डॉक्टर नव्हता. आधी दोन वर्षं प्रयोगशाळेतलं शास्त्र आणि मग दोन वर्षं रुग्णालय, ही विभागणी त्या अहवालानं पक्की केली आणि शतकभर जगानं ती कमीअधिक प्रमाणात पाळली. आपल्याकडे अभ्यासक्रम विलायती वळणाचा होता, तरी रचना तीच. कोल्हापुरात तर रुग्णालय आधी आणि कॉलेज शंभर वर्षांहून जास्त काळानं, असा उलटा क्रम लागला. आजचं सीपीआर म्हणजे संस्थानकाळातलं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झालेल्या आनंदीबाई जोशींना कोल्हापूर संस्थानानं याच रुग्णालयाचा स्त्रियांचा विभाग देऊ केला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या आणि ते काम राहूनच गेलं. पुढं ज्यांनी ते केलं त्या डॉ. कृष्णाबाई केळवकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकल्या. शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी परदेशीही पाठवलं. म्हणजे पेशंट कोल्हापूरचा, आणि ॲनाटॉमी मुंबईची किंवा परदेशातली. १९६२ साली मिरजेला शासकीय कॉलेज झालं, १९८९ ला कसबा बावड्यात डी. वाय. पाटील, आणि २००१ साली शाहू महाराजांच्या नावाचं सरकारी कॉलेज. तेव्हा कुठं ॲनाटॉमी आणि पेशंट एका गावात आले. एका आवारात मात्र नाहीत.

आता पोरांच्या बाजूनं बघू. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तीन विषय एकेकाळी दीड वर्षात शिकवले जात. मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांनी तो काळ एका वर्षावर आणला. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमानं तो तेरा महिने केला, पण त्यातला पहिला महिना फाउंडेशन कोर्सचा होता. त्या आराखड्यात ॲनाटॉमीला ६७५ तास, फिजिऑलॉजीला ४९५ आणि बायोकेमिस्ट्रीला २५० तास होते. ही बेरीज होते १४२०. त्यात ‘स्वयंअध्ययन’ या नावाखाली तिन्ही विषयांचे मिळून ८५ तास येत. वेळापत्रकात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या डोक्याला मिळालेली जागा ही एवढी. बाकीचा वेळ शिकवण्याचा, आणि उजळणी जेवण झाल्यावर होस्टेलवर.

परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. प्रत्येक विषयाचे शंभर गुणांचे दोन पेपर आणि शंभर गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा, तोंडीसकट. बहुपर्यायी प्रश्नांचा वाटा वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं २०१९ च्या नियमांत होतं. बाकी सगळं लिहायचं : मोठी उत्तरं, लहान उत्तरं, आकृत्या. लेक्चरला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर फॉर्मच भरता येत नाही. पहिल्या परीक्षेला चारच संधी, त्याही प्रवेशापासून चार वर्षांच्या आत. नापास झालेल्याचं मूळ बॅचपासून तुटणं, ज्याला पोरं वर्षानुवर्षं ‘ऑड बॅच’ म्हणत आली, ही फर्स्ट एमबीतली सगळ्यात मोठी धास्ती. बारावीपर्यंत तालुक्यात पहिला आलेला मुलगा पहिल्या टर्मिनलला दचकतो तो इथंच.

मग उजळणी होते कशी? बहुतेकांची अशी : बी. डी. चौरसियांची ॲनाटॉमी, ए. के. जैन यांची फिजिऑलॉजी, सत्यनारायण यांची बायोकेमिस्ट्री, आणि कपाटात न उघडलेला गायटन. पहिल्या वाचनाला पिवळा मार्कर, दुसऱ्याला गुलाबी, तिसऱ्याला पान इतकं रंगलेलं असतं की न रंगवलेली ओळच उठून दिसते. प्रिलिमच्या आधी मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिकांची उत्तरं असलेली झेरॉक्स येते. विद्यापीठाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण पुस्तक ‘एकदा चाळून’ काढायचं. चाळून झाल्यावर सगळं येतं असं वाटतं. या वाटण्यातच गोची आहे.

२००६ साली अमेरिकेत हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढं : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटं : वाचणारे ४२, लिहिणारे ५६. पोरांचा पुन्हा वाचण्यावर इतका विश्वास का, याचं उत्तर पहिल्या आकड्यात आहे. लगेच तपासलं तर वाचणं खरंच जिंकतं, आणि आपण आपली तयारी नेहमी लगेचच तपासतो. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विखरून करणं या दोनच पद्धतींना त्यांनी वरचा क्रम दिला. पुन्हा वाचणं, अधोरेखन आणि सारांश काढणं तळाला गेलं. हे फार नवं होतं असंही नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसानं १८८५ साली निरर्थक अक्षरं पाठ करून विसरण्याचा आलेख स्वतःवरच काढला होता.

मेडिकलपुरतं बोलायचं तर कस्टर्स या डच संशोधकाचा २०१० चा आढावा बघावा. पहिल्या वर्षांतल्या शास्त्रांचं ज्ञान एका वर्षानं दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश उरतं आणि त्याच्या पुढच्या वर्षी निम्म्याच्या किंचित खाली येतं, असा त्याचा साधारण निष्कर्ष. आपल्या वेळापत्रकात तीच वेळ मुलं सीपीआरच्या वॉर्डात नेमानं उभी राहू लागण्याची. खरं तर निम्मं उरणं ही वाईट बातमी नाही. प्रश्न एवढाच, की कुठलं निम्मं उरतं.

एक उदाहरण घेऊ : ब्रेकियल प्लेक्सस. मानेतून निघून हाताला जाणाऱ्या नसांचं जाळं. फर्स्ट एमबीला हे येणार हे शिपायालाही माहीत असतं. वाचून हे पाठ होत नाही, त्याला कोरा कागद लागतो. डावीकडं पाच मुळं, सी-फाइव्ह ते टी-वन. वरच्या दोघांचा मिळून वरचा ट्रंक, सी-सेव्हनचा एकट्याचा मधला, खालच्या दोघांचा खालचा. प्रत्येक ट्रंकच्या पुढं-मागं दोन फांद्या. मागच्या तिन्ही एकत्र येऊन पोस्टिरिअर कॉर्ड. पुढच्या वरच्या दोन मिळून लॅटरल, उरलेली एकटी मीडियल. रेडियल मागून, अल्नर मीडियलमधून, मीडियन लॅटरल आणि मीडियल दोघांकडून थोडी थोडी. पहिल्या दिवशी हे काढायला अर्धा तास जातो आणि निम्म्या रेघा चुकतात. चुकलेली रेघ पुस्तकाशी ताडून बघायची, कागद फाडायचा आणि तीन दिवसांनी पुन्हा. पंधरा दिवसांनी हीच आकृती दोन मिनिटांत निघते. तेव्हा वरच्या ट्रंकवर सहा नसा जिथं भेटतात त्या अर्ब्स पॉइंटला इजा झाली तर हात कसा लोंबेल, हे पाठ करावं लागत नाही. रेघेवर बोट ठेवून कुठले स्नायू गेले ते मोजता येतं, आणि मोजल्यावर तो हात समोर दिसतो : अंगालगत, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागं.

अल्नर नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. खिडकीच्या कडेला आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच. कुष्ठरोगात ती तिथं जाड होते, बोटांना लागते, आणि करंगळी-अनामिका आत वळून पंजासारख्या होतात. शेंडा पार्क हे नाव कोल्हापूरकरांना मेडिकल कॉलेजच्या आधी कुष्ठरुग्णांच्या दवाखान्यामुळं माहीत होतं. त्याच परिसरात बसून मुलं अल्नर क्लॉ पाठ करतात. त्यातल्या किती जणांनी पहिल्या वर्षात एका तरी पेशंटच्या कोपरामागं बोट लावून ती नस चाचपून पाहिली असेल? नव्या अभ्यासक्रमात ‘अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर’ नावाचे तास आहेत ते यासाठीच. कागदावर कल्पना उत्तम. प्रत्यक्षात त्या तासाला हॉलमध्ये पॉवरपॉइंटवर क्लॉ हँडचा फोटो दाखवला, तर ते आणखी एक लेक्चरच झालं.

फिजिऑलॉजीत हेच काम मज्जातंतू आणि स्नायूच्या सांध्यावर होतं. संदेश आला, कॅल्शियम आत शिरलं, ॲसिटिलकोलिन सुटलं, पलीकडच्या रिसेप्टरवर बसलं, स्नायू आकुंचला, आणि कोलिनएस्टरेज या एन्झाइमनं ते संपवलं. दहा गुणांचं उत्तर, आकृतीसह. आता याच आकृतीवर सीपीआरच्या कॅज्युअल्टीतली एक रात्र मांडता येते. कीटकनाशक प्यायलेला माणूस : ऑर्गनोफॉस्फेटनं ते एन्झाइमच बंद केलंय, म्हणून लाळ, बारीक बाहुल्या, छातीत घरघर. ॲट्रोपिननं छाती कोरडी पडते, पण स्नायूंना बळ येत नाही, कारण ॲट्रोपिनचा रिसेप्टर वेगळा. मण्यार चावलेला माणूस : विषानं नसेचं टोकच निकामी केलंय, सुटायला ॲसिटिलकोलिनच नाही. नाग चावलेला : ॲसिटिलकोलिन आहे, पण पलीकडची जागा विषानं अडवली आहे. म्हणून निओस्टिग्मिनचा गुण नागाच्या विषावर येण्याची शक्यता जास्त, मण्यारीवर कमी. तीन पेशंट आणि एकच आकृती. चौथा घोणस चावलेला, त्याचा घोटाळा रक्तात : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवायचं आणि गोठलं का ते बघायचं. नळी काचेचीच का, याचं उत्तरही पहिल्या वर्षात आहे. काचेच्या स्पर्शानं रक्त गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकवर ती तशी होत नाही. प्लॅस्टिकच्या नळीत न गोठलेलं रक्त पाहून साप विषारी ठरवणारा डॉक्टर क्लॉटिंगच्या धड्याला नापास झालेला असतो, मग मार्कशीट काहीही सांगो.

पोरं म्हणतात, हे सगळं परीक्षेत विचारत नाहीत. अर्धं खरं. लेखी पेपर अजूनही ‘वर्णन करा’ आणि ‘टीप लिहा’ यांवर चालतो, आणि दहा वर्षांच्या झेरॉक्सवर बरीच मुलं पास होतात. मला त्या झेरॉक्सचा राग नाही. कमी वेळात काय महत्त्वाचं हे ती सांगते आणि ते कुणीतरी सांगायलाच हवं. पण ती उत्तरांसकट मिळते तिथं बिघडतं. नुसते प्रश्न मिळाले असते तर ती उजळणीची उत्तम वस्तू झाली असती. उत्तरं खाली छापल्यामुळं तिचं पुन्हा एक वाचायचं पुस्तक होतं. पाठ करायला केलेल्या तुकबंद्यांचंही तसंच. मनगटाची आठ हाडं एका वाक्यात बसवणारी बरीच वाक्यं होस्टेलवर फिरतात, मराठीतलीही, आणि चांगल्या छापखान्यात छापता येतील अशी त्यांतली थोडीच. नावांचा क्रम लागतो, बस्स.

बायोकेमिस्ट्रीची परवड वेगळी. या विषयाला वेळ सगळ्यात कमी आणि चक्रं सगळ्यात जास्त. हान्स क्रेब्सनं १९३७ साली मांडलेलं सायट्रिक ॲसिडचं चक्र मुलं दरवर्षी नव्यानं पाठ करतात आणि दरवर्षी तितक्याच शिताफीनं विसरतात. गंमत म्हणजे ‘नेचर’नं तो निबंध छापायला घेतला नव्हता, आणि १९५३ ला क्रेब्सला नोबेल मिळालं. या विषयात चक्र मुळापासून पाठ करण्यापेक्षा ते कुठं तुंबलं तर काय होतं तिथून मागं जाणं जास्त टिकतं. इन्सुलिन नाही, मग चरबी जळते, ॲसिटिल-कोए साचतं, चक्रात मावत नाही, कीटोन बनतात, श्वास खोल आणि जोरात चालतो. वॉर्डातला एक मधुमेही पेशंट इतकी पानं एका दमात सांगतो. भ्रूणशास्त्र आणि हिस्टॉलॉजीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्लाइड बघायची, मिटायची, रंगीत पेन्सिलनं काढायची. हेमॅटॉक्सिलिन आणि इओसिनच्या जांभळ्या-गुलाबी पेन्सिली झिजवल्याशिवाय ती परीक्षा कुणी सुटलेलं नाही.

आता व्हायव्हा. वैद्यकीय शिक्षणातली सगळ्यात बदनाम गोष्ट. टेबलापलीकडं दोन परीक्षक, त्यातला एक बाहेरच्या कॉलेजचा, मध्ये हाडांचा ट्रे. हातात ह्यूमरस येतं.

“साइड?”

“राइट, सर.”

“कशावरून?”

“सर, हेड आत आणि वर, ओलेक्रेनन फॉसा मागं.”

“या खाचेतून काय जातं?”

“रेडियल नर्व्ह. सोबत प्रोफुंडा ब्रेकाय आर्टरी.”

“इथं हाड मोडलं तर?”

“रिस्ट ड्रॉप, सर.”

“बरं. मग कोपर सरळ करता येईल?”

इथं गाडी थांबते. पुस्तकात रिस्ट ड्रॉप ठळक अक्षरात आहे, त्याच्यापुढं कुणी गेलेलं नसतं. ट्रायसेप्सच्या लाँग हेडला जाणारी फांदी खाचेच्या वरच, काखेतच सुटते. मीडियल हेडलाही एक तिथूनच मिळते. म्हणून कोपर बहुतेक सरळ होतो. हे उत्तर वाचलेल्या माणसाकडं नसतं. नस मनातल्या मनात मानेपासून मनगटापर्यंत चालवून पाहिलेल्याकडं असतं. त्यानं हे वाक्य कधी वाचलं नसलं तरी तो तिथल्या तिथं रचू शकतो.

रोएडिगर-कार्पिकेंनी प्रयोगशाळेत जे दाखवलं ते ही तोंडी परीक्षा आधीपासून करत आली आहे : पुस्तक मिटून, समोरच्याला सांगत, अडेल तिथून उलगडत. जगात आज ‘रिट्रीव्हल प्रॅक्टिस’ म्हणून ज्याच्या कार्यशाळा भरतात तो प्रकार आपल्या डिसेक्शन हॉलमध्ये टेबलावर ‘स्टेज’ घेण्याच्या रूपानं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. एक भाग कापून झाला की डेमॉन्स्ट्रेटरसमोर तो बोलून दाखवायचा, जमला नाही तर परत यायचं. तो प्रकार अनेक ठिकाणी आता जर्नलवरच्या सहीपुरता उरलाय, आणि लॉगबुकमुळं सह्या मात्र वाढल्या. मोठ्या बॅचचं कारण दिलं जातं. त्याच्याकडं शेवटी येतो. माझा मुद्दा असा, की व्हायव्हा ही मुळात उजळणीची पद्धत आहे. आपण ती निकालाच्या दिवसासाठी राखून ठेवली, म्हणून ती छळाची झाली. वर्षभरात दहा-बारा वेळा ज्यानं ह्यूमरस हातात धरून तोंड उघडलंय त्याला परीक्षकाची भीती वाटायचं कारण उरत नाही. पहिल्यांदाच उघडणाऱ्याची जीभ टाळूला चिकटणारच.

भाषेचा प्रश्न इथंच येतो. चंदगड, राधानगरी, शाहूवाडीकडून आलेल्या कितीतरी मुलामुलींना उत्तर माहीत असतं, इंग्रजीत निघत नाही. १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळमध्ये पहिल्या वर्षाच्या याच तीन विषयांची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली, तेव्हा मराठीत का नाही अशी चर्चा आपल्याकडंही झाली. एकोणिसाव्या शतकात ग्रँट कॉलेजात मराठीचा वर्ग होता, त्यामुळं कल्पना नवी नाही. मला विचाराल तर पुस्तकाच्या भाषेपेक्षा बोलण्याची भाषा जास्त महत्त्वाची. नावं लॅटिनची राहू देत, ती इंग्रजीही नाहीतच मुळी. पण ‘का’चं उत्तर मराठीत देता आलं पाहिजे. विषप्राशन केलेल्या पेशंटचा भाऊ तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर विचारतो, “डॉक्टर, काल बोलत होता की ओ, आज मशीन का लावलं?” उत्तर त्याच सांध्याच्या आकृतीत आहे : विषाचा पहिला भर ओसरल्यावरही श्वासाचे स्नायू एक-दोन दिवसांनी थकतात, त्यावर ॲट्रोपिन चालत नाही, श्वास यंत्रानं द्यावा लागतो. हे सोप्या कोल्हापुरीत सांगता येत असेल तर धडा समजलाय. होस्टेलच्या खोलीत दोघांनी एकमेकांना ते मराठीत समजावणं, मग पेपरसाठी इंग्रजीत एकदा लिहून काढणं, यात कमीपणा काही नाही.

ॲपचा बाजार आता मोठा आहे. डेमियन एल्म्सनं २००६ साली बनवलेलं ‘अंकी’ फुकट मिळतं आणि विसरायच्या बेतात असलेलं कार्ड बरोबर पुढं आणतं. तत्त्व चोख आहे. पण तयार कार्डांचे जगभर फिरणारे गठ्ठे मुख्यतः अमेरिकेच्या यूएसएमएलई या परीक्षेसाठी बनलेले. तिथली पहिली पायरी पूर्ण बहुपर्यायी, आणि जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास. नाशिकच्या पेपराला आकृती काढून पानभर लिहायचं असतं, त्याला एका ओळीचं कार्ड पुरत नाही. स्वतः बनवलेलं कार्ड, ज्याच्या मागं उत्तराऐवजी ‘कागदावर काढ’ एवढंच लिहिलंय, ते पुरतं. व्हिडिओ लेक्चरांबद्दल मी कमी उत्साही आहे. दुप्पट वेगानं बघितलेला व्हिडिओ म्हणजे दुप्पट वेगानं केलेलं पुनर्वाचन. रशिया, जॉर्जिया, कझाकस्तानहून शिकून आलेल्या मुलांना एफएमजीई या परीक्षेच्या ३०० प्रश्नांपैकी १५० बरोबर आणायचे असतात. त्यात पाच-सहा वर्षांपूर्वीची ॲनाटॉमी परत भेटते आणि व्हिडिओंचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईकवर्ग तिथं तयार होतो. नीट पीजीलाही तेच. ‘नेक्स्ट’ ही सामाईक परीक्षा २०१९ च्या कायद्यात आहे आणि पुन्हा पुन्हा पुढं ढकलली गेली. ती आली तर पहिल्या वर्षाचे विषय पेशंटच्या गोष्टीत गुंफून विचारले जातील, अशी अपेक्षा आहे.

तशी गुंफण परीक्षेविनाही करणारा माणूस आपल्याकडं होऊन गेला, नव्हे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात विंचू चावून माणसं, विशेषतः मुलं, मरत. बावस्करांनी त्यात विषाबरोबर स्वायत्त मज्जासंस्थेचा उद्रेक पाहिला : रक्तदाब चढलेला, हातपाय गार, फुप्फुसात पाणी. म्हणजे अल्फा रिसेप्टर पेटलेत. मग अल्फा रिसेप्टर अडवणारं प्राझोसिन, रक्तदाबाची एक साधी गोळी, त्यांनी विंचूदंशाला वापरली, आणि ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणलं. मृत्यू झपाट्यानं उतरले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. फिजिऑलॉजीच्या पुस्तकातलं सिंपथेटिकचं कोष्टक, जे प्रत्येक मुलगा परीक्षेपुरतं पाठ करतो, ते त्यांनी आडगावच्या केंद्रात, हाताशी जेमतेम साधनं असताना, पेशंटकडं बघत पुन्हा वाचलं.

राहता राहिली वर्षभर व्हायव्हा घेण्यातली मोठ्या बॅचची अडचण. दीडशेची बॅच धरा, प्रत्येकाला दहा मिनिटं. एका फेरीला पंचवीस तास. चार शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी सव्वासहा, म्हणजे दोन-तीन दुपारी. महिन्यातून एकदा. २०१९ च्या आराखड्यातल्या ६७५ तासांच्या ॲनाटॉमीला एवढं परवडत नाही असं म्हणणं अवघड आहे. त्यात लेक्चरचेच २२० तास होते, तसले थोडे इकडं वळवता येतील. खरी अडचण ते चार शिक्षक कुठून आणायचे ही. या तीन विषयांत एमडी करायला फारसं कुणी जात नाही. जागा रिकाम्या राहतात आणि त्या भरण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नीट पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, त्यांनाही ॲनाटॉमीचे मास्तर हवेतच. तोवर वरच्या वर्गातल्यांकडून हे करून घेता येईल. सेकंड एमबीच्या मुलीनं फर्स्टच्या पाच जणांना आठवड्यातून एक तास विचारलं तर उजळणी सहा जणांची होते, आणि पाठ केलेल्याची गळती सुरू होण्याच्या नेमक्या वर्षात तिची स्वतःची सगळ्यात जास्त. त्यासाठी एक खोली, हाडांचा एक संच आणि तिच्या लॉगबुकात त्या तासाची एक ओळ एवढं लागेल.